सिडनहॅमच्या तळ्याकाठचे सागरजीव : क्रिस्टल पॅलेसच्या भूशास्त्रीय प्रांगणाची वाटचाल

लंडनच्या हाइड पार्कमध्ये १८५१ साली भरलेले महाप्रदर्शन संपले आणि त्यासाठी जोसेफ पॅक्स्टन यांनी उभारलेल्या काचमहालाचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला. क्रिस्टल पॅलेस कंपनीने तो विकत घेतला, उतरवला आणि शहराच्या दक्षिणेस सिडनहॅमच्या टेकडीवर अधिक भव्य रूपात पुन्हा बांधला. महालात कला आणि संस्कृतींची दालने मांडली जात असताना उद्यानाच्या सखल टोकाला, तळ्याच्या काठी, पृथ्वीचा इतिहास उघड्यावर मांडण्याचे ठरले. भूशास्त्रीय प्रांगणाचा जन्म या निर्णयात आहे. नामशेष झालेल्या प्राण्यांची पूर्णाकृती शिल्पे तोवर जगात कुठेही घडवली गेली नव्हती.

प्रांगणाची भूशास्त्रीय आखणी डेव्हिड टॉमस अँस्टेड यांची. खाण अभियंता जेम्स कॅम्बेल यांनी खऱ्याखुऱ्या खडकांचे थर रचून कोळशाच्या पट्ट्यांसह एक कडा उभा केला. प्राण्यांचे काम सुरुवातीला जीवाश्म-अभ्यासक गिडियन मँटेल यांना देऊ करण्यात आले होते. त्यांनी ते स्वीकारले नाही आणि १८५२ च्या नोव्हेंबरात त्यांचे निधन झाले. तत्पूर्वी सप्टेंबरमध्येच ही जबाबदारी बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स यांच्याकडे आली होती. हॉकिन्स हे प्राण्यांची चित्रे आणि शिल्पे करण्यात मुरलेले कलावंत. शास्त्रीय मार्गदर्शक म्हणून रिचर्ड ओवेन यांचे नाव जाहीर झाले. मात्र अलीकडच्या अभ्यासकांनी जुनी कागदपत्रे तपासून श्रेयाचे माप हॉकिन्स यांच्याच पदरात अधिक टाकले आहे, आणि शिल्पे निरखून पाहिली की ते पटते.

उद्यानातच लाकडी छपराची कार्यशाळा उभी राहिली. उपलब्ध हाडांची मापे घेऊन प्रथम छोटी प्रतिकृती, मग पूर्ण आकाराची मातीची मूर्ती, तिच्यावरून साचा आणि शेवटी सिमेंटचे ओतकाम, असा क्रम होता. हे काम किती अवजड होते, याचा हिशेब हॉकिन्स यांनी मे १८५४ मध्ये सोसायटी ऑफ आर्ट्सपुढील व्याख्यानात स्वतःच दिला. इग्वानोडॉन या डायनोसॉरच्या एका मूर्तीसाठी ९ फूट उंचीचे ४ लोखंडी खांब, ६०० विटा, दीड हजारांहून अधिक कौले आणि ३८ पिंपे सिमेंट लागले होते. मूर्ती कसली, घरच बांधण्यासारखे ते काम. ३१ डिसेंबर १८५३ रोजी याच इग्वानोडॉनच्या साच्यात विद्वानांना दिलेली मेजवानी वृत्तपत्रांनी गाजवली. १० जून १८५४ रोजी राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते क्रिस्टल पॅलेसचे उद्घाटन झाले.

डायनोसॉर सर्वांच्या तोंडी झाले, पण प्रांगणाची खरी श्रीमंती पाण्याच्या काठावर होती आणि आहे. तीन इक्थिओसॉर, तीन प्लेसिओसॉर, दोन टेलिओसॉर आणि एक मोसासॉर असा हा सागरी सरपटणाऱ्या प्राण्यांचा मेळा. इंग्लंडच्या किनाऱ्यावरील कड्यांतून, विशेषतः लाइम रेजिस येथून, मेरी ॲनिंग आणि तिच्यासारख्या जीवाश्म गोळा करणाऱ्यांनी काढलेले सांगाडे त्यांच्या मुळाशी आहेत. १८२३ साली ॲनिंगला सापडलेल्या जवळजवळ पूर्ण सांगाड्यामुळेच प्लेसिओसॉरची लांब मान शास्त्रज्ञांना मान्य करावी लागली. कारंजी सुरू झाली की तळ्याची पातळी चढावी-उतरावी आणि भरती-ओहोटीप्रमाणे हे प्राणी बुडावेत, उघडे पडावेत, अशी मूळ कल्पना होती.

या शिल्पांत त्या काळचे ज्ञान जसेच्या तसे गोठले आहे. इक्थिओसॉरच्या डोळ्याभोवती हाडांच्या चकत्यांचे कडे स्पष्ट कोरलेले दिसते. जीवाश्मात ते कडे खरोखर असते, पण जिवंतपणी ते नेत्रगोलाच्या आत दडलेले असे. वल्ह्यासारख्या पायांवर आतल्या हाडांची फरशीसारखी जडण वर उमटलेली आहे. हे प्राणी सीलप्रमाणे काठावर येऊन पहुडत, अशी तेव्हाची समजूत असल्याने त्यांची पोटे जमिनीला टेकली आहेत. शेपटीच्या टोकाशी उभ्या चंद्रकोरीसारखा मोठा पर असतो, हे जर्मनीतील होल्झमाडेनच्या जीवाश्मांवरून १८९० च्या दशकात कळले. इथे त्याचा पत्ता नाही. मोसासॉरच्या बाबतीत हॉकिन्स यांनी वेगळीच वाट काढली. मास्ट्रिख्टची प्रसिद्ध कवटी हाती होती, पण उरलेल्या देहाविषयी भरवशाची माहिती नव्हती. म्हणून त्यांनी डोके आणि पुढचा भागच घडवला व बाकीचा प्राणी पाण्याखाली असल्याचे सुचवले. माहीत नाही तिथे न बोलण्याचा हा कलावंताचा प्रामाणिकपणा आजही दाद घेऊन जातो.

पहिला धक्का लवकरच बसला. १८५५ साली कंपनीने पैसा थांबवला आणि मॅमथसह पुढची सारी योजना अर्धवट राहिली. तरीही घडलेले वाया गेले नाही. हॉकिन्स यांच्या छोट्या प्रतिकृती विक्रीस आल्या, त्यांची मोठी भित्तिपत्रके शाळांच्या वर्गांत लागली आणि इक्थिओसॉर, प्लेसिओसॉर ही नावे सामान्य घरांतून ओळखीची झाली.

१८६८ साली हॉकिन्स अमेरिकेत गेले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कसाठी त्यांनी अशाच एका संग्रहालयाचे काम हाती घेतले, पण १८७१ मध्ये त्यांची कार्यशाळा आणि घडवलेल्या मूर्ती फोडून टाकण्यात आल्या. वयाच्या पासष्टीकडे झुकलेल्या कलावंताने तरीही हात आखडता घेतला नाही. प्रिन्स्टनच्या संग्रहालयासाठी त्यांनी प्राचीन सृष्टीची १७ तैलचित्रे रंगवली. त्यांतल्या १८७६ च्या एका चित्राचा विषय डेव्होनियन काळातील जुन्या तांबड्या वालुकाश्माचे जग हा आहे. सिडनहॅममध्ये ज्यांना जागा मिळाली नव्हती ते कवचधारी मासे, डोके आणि छाती हाडांच्या ढालींनी झाकलेले, अखेर हॉकिन्स यांच्या कुंचल्यातून उतरले. १८९४ साली त्यांचे निधन झाले.

पुढची पन्नास-साठ वर्षे प्रांगणाच्या कसोटीची होती. संपूर्ण सांगाडे सापडत गेले तशी ही शिल्पे चुकीची ठरू लागली. १८९५ साली अमेरिकेचे जीवाश्मतज्ज्ञ ऑथनिएल मार्श यांनी त्यांच्यावर कडक टीका केली. कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि १९१३ मध्ये ही मालमत्ता राष्ट्रासाठी वाचवावी लागली. ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री लागलेल्या आगीत काचमहाल भस्मसात झाला. टेकडीच्या पायथ्याची शिल्पे बचावली, पण ज्याच्यामुळे लोक येत तो महालच उरला नव्हता. झुडपे माजली, सिमेंटला तडे गेले.

१९५२ साली व्हिक्टर मार्टिन यांच्या देखरेखीखाली शिल्पांची मोठी डागडुजी झाली. त्याच सुमारास सस्तन प्राण्यांच्या काही मूर्ती मूळ जागेवरून हलवल्या गेल्या आणि पुढे त्यांतल्या काही नाहीशाही झाल्या, हेही या इतिहासात नोंदवले पाहिजे. १९७३ मध्ये शिल्पांना वारसा म्हणून संरक्षण मिळाले. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत व्यापक जीर्णोद्धार होऊन खडकांचा मोडलेला कडाही पुन्हा उभा राहिला. २००७ साली शिल्पांचा दर्जा वाढवून पहिल्या श्रेणीत नेण्यात आला. शास्त्राच्या कसोटीवर ज्यांना मोडीत काढले होते, त्याच मूर्तींना शास्त्राच्या इतिहासातले दस्तऐवज म्हणून मान मिळाला.

२०१३ मध्ये ‘फ्रेंड्स ऑफ क्रिस्टल पॅलेस डायनोसॉर्स’ ही संस्था स्थापन झाली. संशोधक, संवर्धक आणि परिसरातील रहिवासी यांनी एकत्र येऊन निगराणीला शिस्त लावली. तळ्यातील ज्या बेटावर शिल्पे आहेत तिथे जायला कायमचा मार्ग नव्हता, त्यामुळे साध्या पाहणीलाही अडचण येई. २०१८ मध्ये संस्थेने पुलासाठी लोकवर्गणी उभी केली. गिटारवादक स्लॅश यांनीही त्या आवाहनाला पाठबळ दिले. २०२१ मध्ये गरजेपुरता जोडता येईल असा फिरता पूल तयार झाला. दरम्यान २०२० मध्ये शिल्पांचे नाव धोक्यातील वारशाच्या यादीत गेले आणि त्याच वर्षी मेगॅलोसॉरस या डायनोसॉरच्या जबड्याचा भाग निखळून पडला. पुढच्या वर्षी तो दुरुस्त झाला. २०२२ साली एलिनॉर मिशेल आणि मार्क विटन यांनी या शिल्पांच्या कलेवर आणि शास्त्रावर सविस्तर ग्रंथ सिद्ध केला.

२०२३ मध्ये शिल्पकार बॉब निकोल्स यांनी पॅलिओथेरियम या सस्तन प्राण्याची हरवलेली मूर्ती जुन्या छायाचित्रांच्या आधारे पुन्हा घडवली. आजच्या ज्ञानाप्रमाणे तिची सुधारित आवृत्ती न करता हॉकिन्स यांनी घडवलेली मूर्तीच, तिच्या वैशिष्ट्यांसह, परत उभी करण्यात आली. त्याच वर्षी उद्यानाचा कारभार क्रिस्टल पॅलेस पार्क ट्रस्टकडे आला. आज प्रांगणात सुमारे ३० शिल्पे आहेत. स्वयंसेवक पूल जोडून बेटावर उतरतात, मुळे वाढून भेगा रुंदावण्याआधी रोपटी उपटतात, आणि इक्थिओसॉरच्या वल्ह्यांवर नवा तडा दिसला तर त्याची नोंद करून संवर्धकांकडे पाठवतात.