पंखा, यंत्र आणि उन्हाळा



पंख्याच्या वेगाचे नियमन ही गोष्ट आपल्याकडे विजेच्याही आधीची आहे. जुन्या कचेऱ्यांतून छताला टांगलेला कापडी पंखा दोरीने ओढण्यासाठी एक मनुष्य बाहेरच्या ओसरीवर बसलेला असे. साहेब घामाघूम झाला की आतून हाक येई व दोरी जोरात हालू लागे. साहेब निवला की ओढणाऱ्याचा हातही सैल पडे. ताप जाणणे, हुकूम देणे आणि वारा घालणे, ही तिन्ही कामे आज टेबलावरच्या संगणकात माणसावाचून चालतात. ती तेथवर कशी आली, याचा इतिहास मनोरंजक आहे.

वातानुकूलन हे मनुष्याच्या सुखासाठी निघाले, असा आपला समज असतो. वस्तुतः १९०२ साली विलिस कॅरियर याने ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठी ते योजिले. दमट हवेने कागद फुगत असे व रंग जागच्या जागी बसत नसत. म्हणजे थंड खोलीचा पहिला मान कागदाला मिळाला, कामगाराला नव्हे! पुढे हाच मान संगणकाकडे गेला. १९४६ साली फिलाडेल्फियात जगापुढे आलेल्या 'एनियॅक' यंत्रात सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या व ते जवळजवळ १५० किलोवॅट वीज खात असे. ही वीज अखेर उष्णतेतच रूपांतरित व्हावयाची; म्हणून ती बाहेर फेकण्यासाठी मोठमोठे झोतपंखे बसवावे लागले. आपल्याकडे मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पूर्ण झालेल्या 'टिफ्रॅक' या यंत्रात अशा २,७०० नलिका होत्या. त्या काळी यंत्रासाठी खोली सजविली जाई. माणसाने तेथे पाहुण्यासारखे जावे.

१९८१ साली आय.बी.एम.चा घरगुती संगणक आला आणि हे नाते उलटले. आता यंत्रच माणसाच्या खोलीत राहावयास आले. त्याचा प्रोसेसर इतका मवाळ होता की त्याला स्वतःचा पंखा नव्हता. वीजपुरवठ्याच्या पेटीतील एक पंखा साऱ्या यंत्राला पुरे. १९९३ च्या पेंटियमने सुमारे १५ वॅट उष्णता बाहेर टाकण्यास आरंभ केला, आणि २००४ च्या सुमारास हा आकडा १०० वॅटच्या घरात गेला. शंभराचा दिवा अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत पेटला आहे, अशी कल्पना करावी. धातूच्या पात्यांचा ठोकळा व त्यावर फिरणारा पंखा अपरिहार्य झाला, आणि त्याबरोबर अखंड घरघरही.

या घरघरीवर तोड म्हणून नियंत्रक पंखा आला. त्याला चार तारा असतात. दोन विजेच्या; तिसरी, पंखा किती वेगाने फिरतो ते सांगणारी; चौथी, किती वेगाने फिरावे ते सांगणारी. चौथ्या तारेवरून सेकंदाला सुमारे २५,००० वेळा वीजसंकेत चालू-बंद होतो. चालू राहण्याचा वाटा वाढला की वेग वाढतो. आपल्या भिंतीवरच्या जुन्या रेग्युलेटरपेक्षा ही युक्ती मला अधिक चतुर वाटते. शिवाय तिच्यामागे एक मोठा हिशेब आहे. पंख्याचा वेग निम्मा केला तर वारा निम्मा होतो, परंतु त्यासाठी लागणारी शक्ती मात्र एक-अष्टमांशावर येते. उलट वेग दुप्पट करू म्हटले तर आठपट किंमत मोजावी लागते.

हा हिशेब पैनगंगेच्या काठी फार महत्त्वाचा ठरतो. आदिलाबाद जिल्ह्यात जैनथच्या परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तर पौषातल्या थंडीत तो एक आकडी होतो. पंखा हवा थंड करीत नाही, ती नुसती हालवितो. खोलीपेक्षा थंड तो यंत्राला करू शकत नाही. काम करताना प्रोसेसर भोवतालच्या हवेपेक्षा ४५ अंशांनी अधिक तापत असेल, तर वीस अंशांच्या खोलीत तो ६५ वर राहील, आणि येथे मे महिन्यात ९० वर. शंभरीच्या सुमारास तो आपण होऊन गती कमी करतो. तरीही न भागल्यास यंत्र बंद पडते. नेमक्या याच दिवसांत, शाळाप्रवेशाच्या तोंडावर, जातीच्या व उत्पन्नाच्या दाखल्यांसाठी पालक रांगेत उभे असतात. थंड देशातील खोली डोळ्यांपुढे ठेवून आखलेला पंख्याचा वेगक्रम त्यांच्या काय उपयोगाचा?

त्यात हा मुलूख कापसाचा. धूळ आणि तंतू पात्यांत अडकले की पंखा जिवाच्या आकांताने फिरतो आणि वारा पोचतच नाही. मग कोणी पेटीचे झाकण काढून ठेवतो. त्याने वाऱ्याची वाट मोडते व धूळ दुप्पट जाते. कोणी कूलरचा ओला झोत यंत्रावर सोडतो. कोरड्या वैशाखात हे एक वेळ निभावेल, पण मृग लागल्यावर तोच दमटपणा तांब्याला खातो. त्यापेक्षा उन्हाळ्याच्या तोंडी कुंचल्याने पाती झाडावी, पेटी भिंतीपासून वीतभर पुढे ओढावी, आणि पंखा ८० अंशांची वाट न पाहता ५० पासूनच चढू लागेल असा क्रम लावून द्यावा. अनेक यंत्रांत ही सोय सुरुवातीच्याच पडद्यावर असते, आणि तिला एक पैसाही पडत नाही.

पुण्यात आयसर संस्थेत २०१९ साली बसविलेल्या 'परम ब्रह्म' महासंगणकात तर नुसत्या पंख्यांवर न विसंबता द्रवच प्रोसेसरजवळून खेळविला आहे. हवेपेक्षा पाणी उष्णता कितीतरी पटींनी अधिक वाहून नेते. जैनथच्या टेबलावर मात्र अजून काही वर्षे पंखाच फिरत राहणार.