काठावरचा गुरू

वलवण धरणाची भिंत आपल्या रोजच्या पाहण्यातली. तिथले पाणी खाली खोपोलीला जाऊन वीज निर्माण करते. आपण मात्र मुलांना एवढेच सांगतो, "पाण्याकडे फिरकू नकोस." धरणापुरते ते रास्तच आहे. परंतु जाणत्याच्या नजरेखाली तरणतलावात उतरलेले मूल कुठवर पोहोचते, तेही पाहा.

कोल्हापूरचा वीरधवल खाडे बंगळूरला प्रशिक्षक निहार अमीन यांच्या हाताखाली तयार झाला. २००८ साली, अवघ्या सोळाव्या वर्षी, तो बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहला. २०१० साली ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये त्याने कांस्यपदक मिळविले. १९८६ साली सेऊलला खजानसिंगांनी रौप्यपदक जिंकले होते. त्यानंतर जलतरणात भारताला पदक मिळाले ते हेच, २४ वर्षांनी! गुरू घड्याळ घेऊन काठावर उभा असतो. पदकावर त्याचे नाव नसते.

पुढे शासनाने वीरधवलला तहसीलदार नेमले. आपल्या घरी अशी ऑर्डर आली तर पेढे वाटू. त्यात वावगे काही नाही, चूल नोकरीवरच पेटते. पण सराव मागे पडला. इकडे अमीन यांचे काम चालूच होते. २०१४ साली त्यांचा दुसरा शिष्य संदीप सेजवाल याने इंचॉनला कांस्यपदक पटकावले आणि २०१५ चा द्रोणाचार्य पुरस्कार अमीन यांना मिळाला.

वीरधवल पुन्हा पाण्यात उतरला. २०१८ साली जकार्तात, ५० मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम शर्यतीत, तो चौथा आला. कांस्यपदक हुकले एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने.