उधारी (गोवंडी)

उधारी, स्त्री. १. किंमत मागाहून देण्याच्या बोलीवर माल घेणे. २. त्या व्यवहारातून येणे राहिलेली रक्कम. ३. दुकानदाराने गिऱ्हाइकाची मान्य केलेली पत. 'त्याची उधारी बंद केली' या प्रयोगात हाच अर्थ आहे. मूळ सं. उद्धार. जोडशब्द : उधार-उसनवारी, उधारपाधार. म्हण : उधारीचे पोते सव्वा हात रिते.

कर्ज, उसने आणि उधारी यांत बोलीभाषा फरक करते. कर्जाला व्याज, मुदत आणि बहुधा कागद असतो. हातउसने शेजाऱ्याकडून, बिनव्याजी. वाटीभर साखरेपासून दवाखान्याच्या खर्चापर्यंत. उधारी फक्त दुकानाची. इंग्रजीतून आलेला 'ड्यू' गोवंडीत छापील कागदापुरता वावरतो : लाइटबिलावरची ड्यू डेट, सोसायटीचा नो ड्यूज दाखला. संस्थेचे राहिले तर ड्यू आणि माणसाचे राहिले तर उधारी, अशी ढोबळ वाटणी दिसते.

स्थळ. मुंबई महापालिकेचा एम पूर्व विभाग. हार्बर मार्गावरील स्थानक. शिवाजीनगर, बैंगनवाडी, लोटस कॉलनी, रफीनगर या दाट वस्त्या. शेजारी १९२७ पासून वापरात असलेली देवनारची कचराभूमी आणि १९७१ पासूनचे देवनार पशुवधगृह. २००९ च्या मुंबई मानवी विकास अहवालात हा विभाग सर्वांत तळाशी होता. कचरावेचक, नाक्यावरचे बिगारी, जरीकामाचे कारागीर, रिक्षावाले, फेरीवाले यांची मिळकत रोजची किंवा हप्त्याची; महिन्याचा पगार थोड्यांनाच. उधारीची मुदतही त्यामुळे पहिल्या तारखेवर नव्हे, तर काम मिळण्यावर ठरते. जानेवारी २०१६ मध्ये कचराभूमीला मोठी आग लागली आणि तिथला प्रवेश कडक झाला. असे झाले की पहिला फटका किराण्याच्या बाकीला बसतो.

वही. शाळेची शंभर पानी किंवा लांबट डायरी. पानाच्या माथ्यावर आडनाव क्वचितच. 'समीरची आई', 'टेलर', 'रोड नंबर अमुक, प्लॉट तमुक' अशा खुणा चालतात, कारण बैंगनवाडीत रस्ते आणि प्लॉट यांना नंबरच आहेत. तारीख, जिन्नस, रक्कम, तळाशी बेरीज, पान संपले की 'मागील बाकी' पुढच्या पानावर. काही गिऱ्हाइके आपली वेगळी छोटी वही दुकानात नेऊन तीच नोंद तिच्यात करून घेतात. पैसे अर्धेमुर्धे आले तर जमा लिहायचे, सगळे आले तर पानावर तिरकी रेघ. अलीकडे मोबाइलवरची खातेवही आली आहे. तिच्यातून बाकीची आठवण आपोआप पाठवली जाते. दुकानदाराला हे सोयीचे, गिऱ्हाइकाला जिव्हारी लागणारे. 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी बहुतेक दुकानांत असते आणि तिच्याच खाली वही असते.

व्याज. उधारीवर उघड व्याज नसते. भाव थोडा चढा लावला जातो का, यावर दुकानदार आणि गिऱ्हाईक यांचे एकमत होणे नाही. सावकाराचा पैसा निराळा. तिथे 'दहा टक्के' म्हणजे दरमहा. शाळेच्या गणितातले द.सा.द.शे. इथे लावले तर वर्षाला एकशे वीस. याबाबत कागदपत्रे मुबलक आहेत, म्हणून तपशील देतो. मुंबई सावकारी अधिनियम १९४६ चा. त्याची जागा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ ने घेतली. परवान्याशिवाय सावकारी केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शेतकरी नसलेल्या कर्जदारासाठी शासनाने ठरवलेला दर तारणी कर्जाला वर्षाला १५, विनातारण कर्जाला १८ टक्के. गोवंडीचा कर्जदार बहुधा शेवटच्या वर्गातला. दामदुपट हा जुना हिंदू नियम, म्हणजे थकलेले व्याज एका वेळी मुद्दलाहून जास्त मागता येत नाही, मुंबई इलाख्यात कर्जदार हिंदू असल्यास लागू होई. सावकारी कायद्याने ती मर्यादा धर्म न पाहता घातली. गोवंडीच्या मुस्लिमबहुल वस्त्यांत हा बदल लहान नव्हे. व्याज न आकारता माल देणारा किराणा दुकानदार या कायद्याने सावकार ठरत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालील बिगरबँक वित्त कंपन्यांनाही राज्यांचे सावकारी कायदे लागत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. गल्लीत बायकांचे गट करून साप्ताहिक हप्ता घेणारे कर्ज बरेचसे अशा कंपन्यांचे असते.

कर्ज-ए-हसना. परतफेडीच्या बोलीवर दिलेले बिनव्याजी कर्ज. नातलग, जमात किंवा मशिदीच्या ओळखीतून. उधारीचा चढा भाव हे व्याज की किंमत, यावर धर्मशास्त्र्यांत मतभेद आहेत.

उचल. जरीच्या कारखान्यात कारागिराला आगाऊ दिलेली मजुरी, उर्दूत पेशगी. ऊसतोडीतला शब्द तोच, व्यवहारही तोच. उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जायचे नाही अशी अट घातली, तर तो वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ खाली गुन्हा होऊ शकतो.

हेवी डिपॉझिट. भाडे जवळजवळ न घेता घरमालक एकरकमी मोठी अनामत घेतो आणि खोली सोडताना ती बिनव्याजी परत करतो. करार बहुधा अकरा महिन्यांचा. देणेकरी इथे घरमालक असतो आणि भाडेकरू धनको. उधारीवरच्या लिखाणात या प्रकाराची दखल घेतली जात नाही, ती घ्यायला हवी. नवा भाडेकरू मिळेपर्यंत जुन्याची अनामत अडकते, हे नेहमीचे भांडण.



टाळेबंदी. २७ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने कर्जहप्त्यांना तीन महिन्यांची सवलत दिली; पुढे ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. सवलत बँका आणि वित्त कंपन्यांच्या कर्जाला होती. किराण्याच्या वहीला ती लागू नव्हती. तिथे किती थांबायचे हे ज्याचे त्याने ठरवले.

वसुली. तगादा, मग माल बंद, मग गल्लीतल्या वजनदार माणसाचा मध्यस्थीचा शब्द. कोर्टात जाणारा विरळा, कारण रक्कम लहान आणि पुरावा लंगडा : भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ३४ नुसार नियमित ठेवलेल्या हिशेबवहीतली नोंद ग्राह्य असली, तरी केवळ तेवढ्यावर कोणावर देणे बसवता येत नसे. त्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हेच तत्त्व आहे. उधारीची मुदत ठरलेली नसेल, तर मालाच्या किमतीसाठी दावा लावण्याची मुदत माल दिल्यापासून तीन वर्षे आहे.