'कास्ट' हा शब्द आणि आपला समाज

'कास्ट' म्हणजे जात, असे आपण शाळेत पाठ केले. पण हा शब्द मूळचा इंग्रजांचा नव्हे. पोर्तुगीज भाषेत 'कास्ता' म्हणजे कूळ, वंश. चौल, वसई, गोवा येथे आलेल्या पोर्तुगीजांनी तिथल्या समाजांना तो लावला व पुढे इंग्रजांनी उचलला. मराठीत वर्ण वेगळा, जात वेगळी, पोटजात वेगळी. इंग्रजीत सगळे एकाच शब्दात कोंबले गेले.

कोकणात आपल्या पूर्वजांना लोक 'शनवार तेली' म्हणत. तेलाचा घाणा हा धंदा, आणि शब्बाथच्या दिवशी घाणा बंद. गावाने आपल्याला एक जात म्हणूनच धरले होते, तरी त्या नावात आपला शब्बाथ होता. पुढे आपली माणसे कंपनी सरकारच्या पलटणींत भरती झाली, सुभेदारीपर्यंत चढली. तिथल्या दप्तरात त्यांच्यापुढे 'नेटिव्ह ज्यू कास्ट' असे लिहीत. घाणा गेला, शनवारही गेला, राहिली ती कास्ट.

सगळा दोष परक्यांचाच, असेही नाही. आपल्यातही 'गोरे' आणि 'काळे' हा भेद होता. गोरे काळ्यांशी सोयरीक करीत नसत. हे आपल्याला कोणा इंग्रजाने शिकवले नव्हते.

इस्राएलला आल्यावर वाटले, हा शब्द बोटीपलीकडेच राहिला. पण १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या कचेरीतून आदेश निघाला, की बेने इस्राएलांचे लग्न लावण्यापूर्वी आई, आजी आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. म्हणजे प्रश्न तोच, तुमचे कूळ कोणते? १९६४ च्या उन्हाळ्यात आपले लोक जेरुसलेममध्ये धरणे धरून बसले. त्या ऑगस्टमध्ये बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदीच आहेत, असे क्नेसेटने जाहीर केले आणि त्या आदेशातून आपले नाव काढण्यात आले.

आज इथे आपल्याला 'एदा' म्हणतात, म्हणजे अमुक देशातून आलेला समाज. तोरामध्ये मात्र 'एदा' हा शब्द इस्राएलच्या साऱ्या मंडळीसाठी आला आहे. आम्हांला तो जुना अर्थ प्रिय आहे.

भारतात आपली कास्ट कोणती होती, असे नातवंडांनी विचारले, तर त्यांना शनवारी बंद असणाऱ्या घाण्याची गोष्ट सांगावी. उत्तर त्यातच आहे.