पेट बाटलीचे पुनर्चक्रीकरण : दर्जा कुठे ठरतो?

पुनर्चक्रित प्लॅस्टिक म्हटले की काळपट बादली आणि चार दिवसांत कान तुटणारा मग डोळ्यांपुढे येतो. वापरलेल्या प्लॅस्टिकपासून हलकाच माल निघणार, असे आपण गृहीतच धरले आहे. ते खरे नाही. पाण्याच्या पेट बाटलीपासून पुन्हा पाण्याचीच बाटली करता येते आणि ती नव्या कच्च्या मालाच्या बाटलीच्या बरोबरीने उभी राहते. मात्र हा दर्जा एकट्या यंत्राच्या हातात नसतो. यंत्राच्या तोंडाशी काय येऊन पडते, यावर तो बराचसा आधीच ठरलेला असतो.

पेट म्हणजे पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट, एस्टर बंधांनी जोडलेल्या घटकांची लांब साखळी. साखळी जितकी लांब, तितकी बाटली भक्कम. ही लांबी कारखान्यात ‘आयव्ही’ (इंट्रिन्सिक व्हिस्कॉसिटी) या मापाने मोजतात. बाटलीसाठी ती साधारण ०.७२ ते ०.८४ लागते, कापडाच्या धाग्याला ०.६ च्या आसपास पुरते. पेट वितळवायला २५० अंश सेल्सिअसच्या वर जावे लागते आणि त्या तापमानाला पाण्याचा अंशही एस्टर बंध तोडतो. म्हणून बाटल्यांचा धुतलेला चुरा वितळवण्याआधी तासन्‌तास तापवून इतका कोरडा करतात, की दहा लाख भागांत पाण्याचे पन्नासही भाग उरू नयेत. इथे हयगय झाली की साखळ्या तुटतात, आयव्ही घसरते आणि मालाला धाग्याचीच वाट उरते. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्या वर्षानुवर्षे याच वाटेने गेल्या. त्यांचा पॉलिएस्टर धागा झाला, उशीत भरायचा तंतू झाला. हे वाया गेले असे मी म्हणणार नाही, पण ही उतरंड आहे. कापसाबरोबर विणलेला तो धागा पुन्हा सुटा होऊन क्वचितच परत येतो.

तुटलेली साखळी पुन्हा जोडताही येते. पेटचे दाणे न वितळवता दोनशे ते दोनशेवीस अंशांवर निर्वातात किंवा नायट्रोजनच्या प्रवाहात काही तास ठेवतात. साखळ्यांची टोके एकमेकांशी जुळतात, त्यातून सुटणारे पाणी आणि ग्लायकॉल ओढून घेतले जाते व आयव्ही पुन्हा चढते. याच टप्प्यात प्लॅस्टिकमध्ये मुरलेली बाष्पशील द्रव्ये आणि चव बिघडवणारे ॲसिटाल्डिहाइडही निघून जाते. अन्नाला लागणाऱ्या बाटलीसाठी ही शुद्धी तितकीच मोलाची आहे.

या प्रक्रियेला एक गोष्ट मात्र निस्तरता येत नाही : पीव्हीसीची भेसळ. धुलाईनंतर चुरा पाण्यात सोडतात. पेट पाण्याहून जड, ते तळाला बसते. झाकणांचे पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएथिलीन हलके, ते वर तरंगते. एवढ्याशा युक्तीने मोठे काम होते. पण पीव्हीसीची घनता पेटच्या जवळपासची असल्याने तेही बुडते, आणि पाण्याला दोघांतला फरक कळत नाही. पुढे पेट वितळते त्या तापमानाला पीव्हीसी विघटित होऊन हायड्रोक्लोरिक आम्ल सोडते. ते आम्ल साखळ्या तोडते आणि पारदर्शक मालात काळे ठिपके उठतात. दहा लाखांत काही मोजके भाग पीव्हीसीसुद्धा अख्खा घाणा बिघडवायला पुरेसे असते.

म्हणून निवड ही या उद्योगातली खरी कारागिरी आहे. धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये वा कुठल्याही जुन्या भंगाराच्या गोदामात अनुभवी हात संशयास्पद तुकड्याला काडी लावून बघतात. पॉलिएथिलीन टपटपत जळते आणि विझवल्यावर मेणबत्तीचा वास येतो. पॉलिस्टायरीनचा काळा धूर काजळी धरतो. पीव्हीसी ज्योतीतून काढताच विझते आणि नाकाला झोंबते. ही परीक्षा बऱ्यापैकी भरवशाची आहे, पण तो धूर रोज छातीत घेणाऱ्याची किंमत कुणी हिशेबात धरत नाही. अवरक्त किरणांनी प्लॅस्टिक ओळखणारी यंत्रे हे काम वेगाने करतात. तरी कार्बन ब्लॅक घातलेला काळा तुकडा ते किरण शोषून घेतो आणि यंत्राला दिसतच नाही.

घरातच ओला-सुका वेगळा झाला तर पुढचे निम्मे कष्ट वाचतात. पुण्यात २००८ पासून कचरावेचकांची ‘स्वच्छ’ सहकारी संस्था दारोदार जाऊन कचरा घेते. आमटीत भिजलेली बाटली आणि कोरडी बाटली यांतला फरक त्यांच्या कमाईत लगेच दिसतो.

निवडीच्याही आधी वेष्टनाचा आराखडा येतो. हिरव्या बाटलीतून पारदर्शक बाटली होत नाही. जपानमधल्या उत्पादकांनी रंगीत पेट बाटल्या स्वतःहून बंद केल्या, त्यामुळे तिथला गोळा झालेला माल मुळातच एकसारखा असतो. लेबलाचा गोंद गरम कॉस्टिकच्या पाण्यात सुटतो की चिकटून राहून चुरा पिवळा करतो, हेही कंपनीच्या टेबलावरच ठरते. वेफर्सच्या पाकिटात तर वेगवेगळ्या प्लॅस्टिकचे, कधी धातूच्या मुलाम्याचे थर एकमेकांना घट्ट चिकटवलेले असतात. ते सुटे करणे परवडत नाही आणि एकत्र वितळवले तर ही प्लॅस्टिके एकजीव होत नाहीत, माल ठिसूळ निघतो. मदुराईच्या राजगोपालन वासुदेवन यांनी असा कचरा डांबरी रस्त्यात वापरायची पद्धत दिली, ती उपयोगाची आहे. पण रस्त्यात गेलेले प्लॅस्टिक पुन्हा पाकीट होत नाही. म्हणून जे पुन्हा बाटली होऊ शकते ते तिकडे वळवू नये, असे माझे ठाम मत आहे.

उरतो भाव. खनिज तेल उतरले की नवे पेट स्वस्त होते आणि पुनर्चक्रित दाण्याला गिऱ्हाईक उरत नाही. अशा वेळी धुलाईचा आणि तपासणीचा खर्च आधी कापला जातो. २०२२ साली अन्नाच्या वेष्टनात पुनर्चक्रित पेट वापरायला आपल्याकडे वाट मोकळी झाली. त्याच वर्षी प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत दुरुस्ती होऊन कडक वेष्टनांत पुनर्चक्रित प्लॅस्टिकचे प्रमाण २०२५-२६ साठी ३० टक्के आणि २०२८-२९ पर्यंत ६० टक्के ठरले. तेलाच्या भावाशी बांधलेली नाही अशी मागणी यातून उभी राहू शकते. तिचा वाटा निवडणाऱ्या हातांपर्यंत भावाच्या रूपाने पोहोचला, तरच साठ टक्क्यांना पुरेल इतका स्वच्छ चुरा मिळेल.