दाभोळला कोण उतरते?

रत्नागिरी जिल्ह्याची सहल म्हटली की गाडीचा मार्ग ठरलेला. गणपतीपुळे, पावस, रत्नदुर्ग, टिळकांचे जन्मघर आणि थिबा राजवाडा. राजवाड्यात मुले रमतात. ब्रह्मदेशचा राजा १८८६ साली कैदी म्हणून रत्नागिरीत आला, १९१० च्या सुमारास त्याला हा वाडा मिळाला आणि डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच वारला, ही हकीकत आमच्या घरातली पोरेही सांगतात. दाभोळची हकीकत त्यांना कुणी सांगितली नव्हती. दोष आमचाच.

म्हणून एका रजेत आम्ही गुहागरकडून धोपाव्याला आलो आणि गाडीसकट फेरीबोटीत चढलो. वाशिष्ठीची खाडी ओलांडली की दाभोळ. (१९९० नंतर वर्तमानपत्रांत गाजलेला ‘दाभोळ’ वीजप्रकल्प दाभोळात नाहीच, तो अलीकडच्या काठावर अंजनवेलला आहे. गावाला नुसती बदनामी मिळाली.)

बहमनी काळात हे दख्खनचे मोठे बंदर होते. अरबस्तानातून घोडे इथे उतरत, हाजी इथून गलबतात बसत. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी परतीच्या प्रवासाला दाभोळहूनच निघाला. डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मैदाने शहर जाळले आणि बायकापोरांसह कत्तल केली. तरी बंदर पुन्हा उभे राहिले.

त्या उभारीची खूण म्हणजे खाडीकाठची शाही मशीद. दगडी बांधकाम, मोठा घुमट, चार मिनार, अंगणात हौज. हौजाच्या काठी बसून आमच्या खालांनी लहानपणी ऐकलेली गोष्ट सांगितली. विजापूरची शहजादी आएशाबीबी वीस हजार घोडेस्वार घेऊन हजला निघाली. समुद्रात चाच्यांचे भय, म्हणून जाणे झाले नाही. मग सोबतचा पैसा तिने या मशिदीला लावला.

“खाला, एवढे घोडे बांधले कुठे?” धाकट्याने विचारले. खाला रागावल्या, पण प्रश्न रास्त होता. सालाचेही तसेच. कुठे १५५९ वाचायला मिळते, कुठे १६५९. पूर्ण शंभर वर्षांचा फरक! आम्हांला १५५९ पटते. १६५९ च्या नोव्हेंबरात प्रतापगडावर अफझलखान मारला गेला आणि आदिलशाहीचा कोकणावरचा हात सुटू लागला. अशा धामधुमीत एवढी इमारत निवांतपणे कोण बांधील? अर्थात हा झाला तर्क. शहजादीवर आमची माया आहे, पण तिच्या गोष्टीने आमचे कुतूहल तिथेच थांबवले. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही घोडे मोजत राहिलो आणि दगडाकडे पाहिलेच नाही.

पुढच्या रजेत आधी विजापूरला जायचे ठरले आहे. पहिल्या अली आदिलशहाची जामा मशीद, तिच्या कमानी, घुमटाखालची नक्षी नीट पाहायची आणि मग दाभोळला यायचे. मोठ्या मुलीने त्यासाठी वही घेतली आहे. खालाही येणार आहेत, मात्र घोडे वीस हजारच होते, असे त्यांनी बजावले आहे.