श्रीमंत माधवराव
३. पेशवे घराण्यात माधवराव नावाचे दोन पेशवे झाले. येथे अभिप्रेत आहेत ते धाकटे, म्हणजे सवाई माधवराव (१७७४–१७९५), नारायणरावांच्या खुनानंतर पुरंदरावर जन्मलेले त्यांचे पुत्र. थोरले माधवराव (१७४५–१७७२) हे त्यांचे चुलते. पानिपतानंतर राज्य सावरून ते थेऊरला क्षयाने वारले. दोघांच्याही काळात निजामाचा पराभव झाला, १७६३ साली राक्षसभुवनला आणि १७९५ साली खर्ड्याला. म्हणून नुसत्या नावावरून वाचकाचा सहज घोटाळा होतो. मात्र प्रस्तुत उताऱ्यात सारा कारभार नाना फडणविसांच्या हाती असल्याचे म्हटले आहे. ते थोरल्यांना मुळीच लागू पडत नाही. त्यांनी कारभार स्वतः हाकला. खर्ड्यानंतर सात महिन्यांनी सवाई माधवराव शनिवारवाड्यात पडून मृत्यू पावले.